मिलिग्राम प्रार्थना शिकतो

बारा दिवसांत कुठलीही गोष्ट शिकता येते, असं मिलिग्रामचं ठाम मत होतं. मोटार चालवायला तो नऊ दिवसांत शिकला होता. दहाव्या दिवशी त्याने इमारतीचं फाटक पाडलं, पण ते शिकण्यात धरायचं की चालवण्यात, हा वेगळा मुद्दा. म्हणून घशाच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की आईच्या स्वरतंतूवर गाठ आहे, बारा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी ती काढू आणि तोवर आईने एक शब्दही बोलायचा नाही, आणि घरी आल्यावर आईने पांढऱ्या फळ्यावर निळ्या पेनाने लिहिलं, "ऑपरेशनला नेताना तू प्रार्थना करायची. मोठ्याने," तेव्हा तो "हो" म्हणून मोकळा झाला. 'मोठ्याने'च्या खाली आईने दोन रेघा मारल्या होत्या. त्या त्याने नंतर पाहिल्या.

मिलिग्राम हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. वजनकाटे तपासून त्यांना दाखले देणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो कामाला होता. तिथे एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाला केक कापायचं काम त्याच्याकडे आलं, आणि त्याने सोळा तुकडे काट्यावर ठेवून सारखे करेपर्यंत कचेरी सुटली. तेव्हापासून सगळे त्याला मिलिग्राम म्हणू लागले. बायको मात्र फक्त रागावली की म्हणत असे, म्हणजे आठवड्यातून साधारण चार वेळा.

आता अडचण अशी होती की मिलिग्रामला प्रार्थना येत नव्हती. म्हणजे प्रभूने शिकवलेली प्रार्थना पाठ होती, गीतं पाठ होती, आमेन कुठे म्हणायचं ते तर तापात असतानाही चुकलं नसतं. दर रविवारी तो उपासनेला तिसऱ्या बाकावर हजर असे. पण डोळे मिटून, स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलणं हा प्रकार त्याने चौतीस वर्षांत केलेला नव्हता. गरजच पडली नव्हती. घरात ते काम आईकडे होतं. रोज संध्याकाळी सात वाजता ती जेवणाच्या टेबलाशी बसून सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करी. त्यात सुनेच्या शाळेतली तपासणी येई, तिसऱ्या मजल्यावरची गळकी टाकी येई, जगात जिथे युद्ध चालू असेल ते सगळे देश येत. सरासरी वेळ आठ मिनिटं. या आठ मिनिटांत मिलिग्राम डोळे किलकिले करून खोलीचं निरीक्षण करी. डावा पडदा उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटर आखूड आहे, हे घरात फक्त त्याला माहीत होतं.

त्याने शास्त्रशुद्ध सुरुवात केली. आधी सद्यःस्थिती मोजायची, मग सुधारणा. फाटकावरचा पहारेकरी येणारी-जाणारी माणसं मोजायला हातात एक टिकटिक करणारं यंत्र धरतो, तसलं एक त्याने प्रयोगशाळेतून रीतसर नोंद करून घरी आणलं. गुरुवारी सकाळी सहा वाजता तो झोपायच्या खोलीत खुर्चीवर बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हे स्वर्गीय पित्या." चौथ्या सेकंदाला त्याच्या मनात गॅसची टाकी आली. त्याने बटण दाबलं. टिक. मग टाकीवरून नळी आली, नळीवरून नळीची मुदत आली. टिक, टिक. तीन मिनिटांत मन एकतीस वेळा भरकटलं. दाराबाहेरून बायकोने विचारलं की गजराचं घड्याळ दुरुस्त करताय का.

शुक्रवारी आकडा अडतीस झाला, शनिवारी चव्वेचाळीस. कारण आता तो देवाच्या खालोखाल सगळा विचार आकड्याचाच करत होता, आणि त्याचीही टिक धरायला हवी हे त्याच्यातल्या प्रामाणिक माणसाला पटत होतं. रविवारी तर एक भयंकर गोष्ट त्याच्या लक्षात आली. सकाळी उठल्यावर त्याला प्रार्थनेला बसायची ओढ लागलेली होती, पण ती टिकटिकीची. यंत्र बाजूला ठेवलं की ओढ शून्य.

शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क राहत. ते मिलिग्रामच्याच चर्चच्या मंडळीतले, आणि कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध असे, ते म्हणजे अर्ज. त्यांनी मिलिग्रामला बसवून समजावलं की प्रार्थना म्हणजे शेवटी विनंतीच, आणि विनंती फेटाळली जाते ती नेहमी मसुदा ढिसाळ असल्यामुळे. त्यांनी स्वतःच्या हाताने मसुदा केला. वर विषय होता. संदर्भाच्या जागी 'यापूर्वीचा पत्रव्यवहार' लिहून त्यांनी मिलिग्रामकडे पाहिलं, मिलिग्रामने खाली मान घातली, तेव्हा त्यांनी ते खोडून 'प्रथमच' असं लिहिलं. शेवटी 'सोबत: वैद्यकीय अहवालाची प्रत' आणि 'माहितीसाठी प्रत: पाळकसाहेब'.

बायकोने तो कागद वाचला. ती भूगोल शिकवते, त्यामुळे कुठल्याही कागदावरची चूक तिला आधी दिसते.

"देवाला मुदत घातलीय तुम्ही? सोमवार, सकाळी साडेनऊ?"

मिलिग्राम म्हणाला की शस्त्रक्रियेची वेळच ती आहे.

"मग पोच पण मागून घ्या," बायको म्हणाली, आणि कागदाचा बोळा झाला.

दिवस सात उरले. मिलिग्राम पाळकसाहेबांकडे गेला. ते उपासनामंदिरात शिडीवर चढून बंद पडलेली ट्यूब बदलत होते. मिलिग्रामने शिडी धरली, आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न त्यांच्या पायांकडे पाहत विचारला. प्रार्थनेची प्रेरणा आणायची कुठून? पाळकसाहेबांनी आधी स्टार्टर मागितला. तो फिरवत ते म्हणाले की त्यांना स्वतःला बहुतेक सकाळी नकोच वाटतं.

"तुम्हाला?" मिलिग्रामच्या हातून शिडी हलली.

"नीट धर बाबा. हो, मलाच. वाटलं की बसू, असं ठरवलं असतं ना, तर मी आजवर तीनदा बसलो असतो. बसतो. मग कधी वाटतं, कधी नाही. तो काय माझं वाटणं ऐकायला बसलेला नाहीये."

मिलिग्रामने विचारलं की वाटण्याचं प्रमाण अंदाजे किती टक्के पडतं. पाळकसाहेब शिडीवरून खाली उतरले आणि त्याच्याकडे दयेने पाहत म्हणाले की तू असं कर, साखळीमावशीच्या शेजारी जाऊन बस. तिची प्रार्थना ऐक. बाकी काही करू नकोस.

बाकी काही करू नकोस, हे वाक्य मिलिग्रामच्या कानात शिरलंच नाही. त्याच्या धंद्यात कुठलाही काटा तपासायचा तर आधी एक प्रमाण वजन लागतं, ज्याच्यावर शंका घ्यायची नसते. पाळकांनी त्याला प्रमाण दिलं, असं तो समजला. आणि प्रमाणाची वाचनं किमान तीन घ्यावी लागतात.

साखळीमावशी म्हणजे मंडळीची प्रार्थना-साखळी चालवणारी विधवा बाई. कोणावर संकट आलं की ती एकाला फोन करी, तो दुसऱ्याला, अशी तासाभरात साठ माणसं प्रार्थना करू लागत. मिलिग्राम मंगळवारी तिच्याकडे गेला, बुधवारी गेला, गुरुवारी गेला. ती डोळे मिटून बोलत असताना तो वहीत लिहीत होता: सुरुवातीचा आवाज, विरामांची लांबी, हातांची स्थिती, खोलीचं तापमान. तिसऱ्या दिवशी मावशीने मध्येच एक डोळा उघडला. समोर एक सुशिक्षित माणूस फूटपट्टी घेऊन तिच्या कोपराचं टेबलापासूनचं अंतर मोजत होता.

मावशीने प्रार्थना थांबवली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काय होतंय रे तुला?"

"काहीच होत नाही मावशी," मिलिग्राम म्हणाला. "हाच तर प्रश्न आहे. मी बसतो, पण आत काही होतच नाही."

ती वेळ दुपारी चारची. सव्वाचारला साखळी सुरू झाली.

साखळीतला कोणी खोटं बोलला नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवं. पहिल्याने सांगितलं की तो काळजीत आहे. दुसऱ्याला आठवलं की रविवारी तो उतरलेला दिसत होता. तिसरीने विचार केला की आई आजारी, त्यात हा उतरलेला, म्हणजे घरात काहीतरी मोठं असणार. चौथ्याने घरातलं मोठं म्हणजे काय असू शकतं यावर आपल्या मेव्हण्याचं उदाहरण दिलं, आणि मेव्हणा बिचारा वारला होता. अशी प्रत्येकाने आपापली चिमूटभर दया घातली. साखळीचा सव्विसावा दुवा मिलिग्रामच्या प्रयोगशाळेचा भांडारपाल होता.

शुक्रवारी सकाळी मिलिग्राम कामावर गेला तर त्याची खुर्ची बदललेली. जुनी डुगडुगणारी काढून साहेबांची गादीची खुर्ची ठेवलेली. साहेब स्वतः आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिले. मग त्याला आस्थापना विभागात नेण्यात आलं. तिथल्या बाईंनी त्याची वैद्यकीय रजा आधीच चढवली होती. मिलिग्राम म्हणाला की मी ठणठणीत आहे. बाई हळुवारपणे म्हणाल्या की सुरुवातीला सगळे असंच म्हणतात.

त्याने विचारलं की सोमवारची, आईच्या शस्त्रक्रियेसाठी मंजूर झालेली रजा आहे, तिचं काय? बाईंनी रजिस्टर पाहिलं. आजारी माणसाला दुसऱ्या आजारी माणसासाठी रजा देता येत नाही, म्हणून ती रद्द झाली होती.

"पण मी आजारी रजेवर आहे, तर सोमवारी मोकळाच आहे ना?"

"मोकळे नाही. आजारी आहात. घरी पडून राहायचं. बाहेर दिसलात तर शिस्तभंग."

मिलिग्रामने हा सगळा प्रकार मूर्खपणाचा आहे असं म्हणायला तोंड उघडलं, पण आजवर त्याने स्वतःच किती लोकांना 'दाखल्याशिवाय काटा वापरता येणार नाही' म्हणून परत पाठवलं होतं, ते आठवून मिटलं. एवढ्यात बायकोचा फोन आला. इस्पितळातून निरोप होता. तिथल्या स्वागतकक्षातली मुलगी साखळीचा एकेचाळिसावा दुवा होती, आणि नियमाप्रमाणे आजारी नातेवाइकाला शस्त्रक्रियेच्या मजल्यावर सोडता येणार नव्हतं.

म्हणजे आता प्रार्थना येते की नाही हा प्रश्नच मागे पडला. येत असती तरी ती तळमजल्यावरून करावी लागली असती.

तो तडक घशाच्या डॉक्टरांकडे गेला आणि तंदुरुस्तीचा दाखला मागितला. डॉक्टरांनी घसा बघितला, छाती ऐकली, रक्तदाब मोजला आणि म्हणाले की तुम्हाला काहीही झालेलं नाही. मिलिग्राम म्हणाला, तेच लिहून द्या. पण डॉक्टरही नेमके निघाले. दाखल्याच्या छापील कागदावर 'आजाराचे स्वरूप' असा रकाना होता, आणि तो रिकामा सोडून त्यांनी आजवर सही केलेली नव्हती.

"कशातून बरे झालात ते तरी सांगा."

मिलिग्रामने पहिल्यापासून सगळं सांगितलं. टिकटिकीचं यंत्र, अर्ज, फूटपट्टी. बाहेर सहा रुग्ण खोळंबले होते. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि गंभीरपणे लिहिलं: 'प्रार्थना येत नाही. आजार संसर्गजन्य नाही. आईजवळ उभे राहण्यास योग्य.' खाली सही, शिक्का, तारीख.

आस्थापना विभागाने तो दाखला एका शब्दानेही न हटकता स्वीकारून सोमवारची रजा परत चढवली, इस्पितळानेही तो मान्य केला, कारण शिक्का गोल होता.

इकडे शनिवारी संध्याकाळी मंडळी घरी आली. एकूण त्रेचाळीस. पाळकसाहेबांना वाटलं साखळीमावशीने बोलावलं, मावशीला वाटलं पाळकांनी. शेजारच्या तीन घरांतल्या खुर्च्या आणल्या, तरी हेडक्लार्ककाका स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभे होते. मिलिग्रामला मधोमध बसवलं आणि त्रेचाळीस माणसांनी त्याच्यासाठी आळीपाळीने प्रार्थना केली. कोणी मूत्रपिंडांसाठी केली, कोणी हृदयासाठी. एकाने सावधगिरी म्हणून सर्व अवयवांसाठी. आपल्यासाठी कोणी प्रार्थना करत असताना चेहरा कसा ठेवायचा, हे मिलिग्रामला कोणी शिकवलेलं नव्हतं. नम्र ठेवला तर आजारी दिसत होता, प्रसन्न ठेवला तर बेपर्वा.

शेवटी साखळीमावशीच्याने राहवलं नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, त्याचं शरीर उत्तम आहे. त्याला प्रार्थना येत नाही. एवढंच आहे."

खोलीत इतकी शांतता पसरली की तिसऱ्या मजल्यावरची टाकी ऐकू आली. यापेक्षा किडनी बरी होती, असं कोणीतरी मागे पुटपुटलं. मिलिग्रामने आईकडे पाहायचं टाळलं. पाळकसाहेबांनी घाईने आमेन म्हटलं आणि मंडळी चहाकडे वळली, पण प्रत्येक जण जाताना त्याचा हात जरा जास्तच वेळ दाबून गेला.

सगळे गेल्यावर आई टेबलाशी बसून होती. मिलिग्राम समोर बसला. सोमवारी पाळकांना बोलवू या, ते चांगली करतात, असं तो म्हणाला. आईने फळा ओढला.

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू चौथीत होतास. पडदा बघायचास."

मिलिग्रामने हिशेब जुळवला. पडदा बघणाऱ्याला बघायचं तर बघणाऱ्याचे डोळे मिटलेले असून चालत नाही. हे त्याने आईला विचारलं. आईने त्याच्याकडे न बघता लिहिलं, "अधूनमधून. भाजी खाली लागते कधी." आणि ते लगेच पुसलं.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "माहीत होतं, तर मलाच का सांगितलंस? त्रेचाळीस माणसं आहेत."

या वेळी आईने लिहायला वेळ लावला. दोनदा पेन टेकवून उचललं. "त्यांना वाटतं मी भीत नाही." खाली, बारीक अक्षरात: "आवाज गेला तर?" एवढं वाचून होतंय न होतंय तोच तिने तळहाताने फळा स्वच्छ केला. हाताला निळी शाई लागली, ती धुवायला उठून गेली.

रविवारी मिलिग्राम काहीही शिकला नाही. वही उघडली नाही. सकाळी खुर्चीवर बसला, बसूनच राहिला. उठल्यावर किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं, आणि ही त्याच्या आयुष्यातली पहिली वेळ.

सोमवारी सव्वानऊला आईला हिरव्या चादरीत गुंडाळून स्ट्रेचरवर घेतलं. स्ट्रेचर ढकलणारा पिकल्या मिशांचा एक माणूस होता. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी तो थांबला आणि म्हणाला की करायची असेल तर दोन मिनिटांत करा. आईने डोळे मिटले. बायको एक पाऊल मागे सरली.

"हे स्वर्गीय पित्या," मिलिग्राम म्हणाला. फलाटावर गाडी उशिरा येणार असल्याची घोषणा व्हावी, तसा तो आवाज त्या बोळात घुमला. बाकावर बसलेल्यांनी माना वळवल्या. पुढचे शब्द येईनात. मग तो खालच्या पट्टीत, पण मोठ्याने बोलू लागला.

"आई घाबरलीय. ती सांगणार नाही. बोलायची बंदी नसती तरी सांगितलं नसतं. म्हणून मी सांगतो. मीही घाबरलोय. रोज संध्याकाळी घरात हिचा आवाज असतो. मी तो कधी नीट ऐकला नाही, आठ मिनिटं कधी संपतात याकडेच लक्ष. चुकलं माझं. पण तो आवाज मला पाहिजे. परत दे. आणि ती आत एकटी असेल तेव्हा तू जवळ राहा, कारण मला आत सोडत नाहीत. मला एवढंच येतं."

आमेन म्हणायचं तो विसरला. आईचे ओठ हलले, पण तिला बंदी होती. तिने त्याची करंगळी इतकी घट्ट धरली की पांढरी पडली. शेवटी स्ट्रेचरवाल्यानेच आमेन म्हटलं आणि स्ट्रेचर आत गेलं.

पाऊण तासाने तोच माणूस बाहेर आला. मिलिग्रामच्या शेजारी जरा अंतर ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, माझंही एक सांगता का? बदली अडकलीय. बायकामुलं तिकडं, मी इकडं. दीड वर्ष झालं."

"मला येत नाही हो."

"आत्ता तर आली."

मिलिग्रामने बदलीचं ठिकाण विचारलं, अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते विचारलं, मुलांचे इयत्ता-तुकडीसकट तपशील घेतले, कारण मोघम बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आणि त्या बोळात उभ्यानेच डोळे मिटले. ते उघडतो तर बाकावरची एक बाई पुढे आली होती. तिची सून तीन महिने तिच्याशी बोलत नव्हती. तिच्यामागे एक गृहस्थ होते. आपला या गोष्टींवर विश्वास नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं, पण भाऊ आत आहे, आणि रांग लागलीच आहे तर. बायको बाकावर बसून हे सगळं बघत होती. तिने गृहस्थांना सरकून जागा दिली.

सुनेची प्रार्थना अर्ध्यावर आली असताना शस्त्रक्रियागृहाचं दार उघडलं. पावलं वाजली. मिलिग्रामने डोळे न उघडता एक हात वर केला, थांबा म्हणून, आणि सुनेच्या मनातली अढी, सासूच्या जिभेचं टोक, दोन्ही नीट सांगून पुरं केलं. डोळे उघडले. समोर घशाचे डॉक्टर टोपी हातात घेऊन उभे होते.

आपण इथे कशासाठी उभे आहोत, ते त्याला तेव्हा आठवलं.

"गाठ साधी निघाली," डॉक्टर म्हणाले. "आवाजाला काही होणार नाही."

मिलिग्रामला आभार मानायचे होते. तो जवळच्या बाकावर बसला, कोपरं गुडघ्यांवर टेकली, आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. ओठ हलत होते. डॉक्टरांना अजून पथ्यं सांगायची होती, आत पुढचा रुग्ण तयार होता. ते खाकरले आणि पुढे झाले, तशी बायको मध्ये उभी राहिली.

"दोन मिनिटं थांबता का," ती हळू आवाजात म्हणाली. "ते बोलताहेत."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग ते भिंतीला टेकून उभे राहिले.